डिसेंबरातला ट्रंक बे: फोटोतलं पाणी आणि त्या दिवशीचं पाणी

प्रश्न न्यू जर्सीहून आलाय. थोडक्यात असा: नाताळच्या सुट्टीत कॅरिबियनमधल्या अमेरिकी व्हर्जिन आयलंड्सपैकी सेंट जॉन बेटावर जायचंय. बरोबर भारतातून आलेले आई-बाबा आहेत, दोघंही पासष्टीच्या पुढचे आणि पोहता न येणारे, शिवाय सात वर्षांची मुलगी. तिथल्या ट्रंक बे या किनाऱ्याचे फोटो बघून तिकिटं काढली. आता विचारायचंय की पाणी फोटोतल्यासारखं शांत असेल ना, भरती-ओहोटीच्या वेळा कुठे बघायच्या, तो समुद्री शेवाळाचा खच असेल का, कासवं दिसतील का, आणि राष्ट्रीय उद्यानाचा किनारा म्हणजे काय चालतं आणि काय चालत नाही.

मी मूळची मालवणची. वडिलांची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. डायव्हिंग मी तारकर्लीच्या पाण्यात शिकले, आणि गेली चौदा वर्षं सेंट जॉन आणि शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या आसपास लोकांना मास्क लावून पाण्यात उतरवते. त्यामुळे दोन्हीकडचा दर्या बघितलाय, आणि आपली माणसं इथे येऊन नेमकी कुठे फसतात तेही.

फसण्याची जागा एकच आहे. आपल्या डोक्यात समुद्राचं कॅलेंडर कोकणचं असतं. जून ते ऑगस्ट दर्या खवळलेला, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होड्या पाण्यात, आणि डिसेंबर-जानेवारी म्हणजे तळ्यासारखं पाणी. तारकर्लीला सगळ्यात स्वच्छ दिवस याच दोन-तीन महिन्यांत मिळतात. तेच गणित घेऊन माणूस डिसेंबरात ट्रंक बेला येतो. सेंट जॉनचा उत्तर किनारा मात्र बरोबर उलटा चालतो. मे ते ऑगस्ट तिथे पाणी आरशासारखं, आणि नोव्हेंबर अखेरपासून मार्चपर्यंत अधूनमधून असा दणका की वाळूवर उभं राहता येत नाही. रोज नाही. आठवड्यात एखाद-दोन दिवस, कधी सलग चार दिवस, कधी दहा दिवस काहीच नाही. तुमचे चार दिवस यात कुठे पडतील ते महिनाभर आधी कुणीच सांगू शकत नाही, पण तीन दिवस आधी तुम्ही स्वतः बघू शकता. ते कसं बघायचं हाच या उत्तराचा मोठा भाग आहे.

आधी कारण. इथे बारा महिने वारा पूर्वेकडून येतो, शाळेत भूगोलात शिकलेले ते व्यापारी वारे. डिसेंबर-जानेवारीत त्यांचा जोर वाढतो, इथले लोक त्यांना 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात. पण ट्रंक बेचं तोंड उत्तरेकडे आहे, त्यामुळे पूर्वेच्या वाऱ्याचा त्याला फारसा त्रास नाही. त्रास होतो तो उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जी वादळं तुमच्या दारात फूटभर बर्फ टाकून समुद्रात सरकतात, त्यांनीच उठवलेल्या लांब लाटा दोन-तीन दिवसांनी इथे पोचतात. वर ऊन, निळं आकाश, वाऱ्याची झुळूक, आणि खाली किनाऱ्यावर धडाधड फुटणारं पाणी. इथले जुने लोक याला 'ग्राउंड सी' म्हणतात. तुम्ही निघायच्या दोन दिवस आधी न्यू जर्सीत मोठं हिमवादळ झालं असेल, तर ट्रंक बेचा बेत जरा सैल धरा.

आता अंदाज वाचायचा. नॅशनल वेदर सर्व्हिसचं सान हुआन कार्यालय पोर्टो रिको आणि व्हर्जिन आयलंड्ससाठी किनाऱ्यावरच्या लाटांचा रोजचा अंदाज देतं, रिप करंटचा, म्हणजे माणसाला किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहाचा, धोका कमी, मध्यम की जास्त तेही त्यात असतं. बहुतेक लोक त्यातली लाटेची उंची बघतात आणि थांबतात. उंचीइतकंच महत्त्वाचं आहे दोन लाटांमधलं अंतर, म्हणजे किती सेकंदांनी पुढची लाट येते ते, आणि ती कुठल्या दिशेने येते ते. पूर्वेकडून येणारी चार फुटी लाट, दर सहा-सात सेकंदांनी: ही वाऱ्याची लाट. होडीत पोट ढवळेल, पण ट्रंक बेच्या वाळूवर लहान मूल खेळू शकेल. तीच चार फुटी लाट वायव्येकडून किंवा उत्तरेकडून, बारा-चौदा सेकंदांनी येत असेल, तर तिच्या पोटात पाणी कितीतरी जास्त असतं. खोल समुद्रात ती दिसतही नाही. उथळ पाण्यात आली की उभी राहते आणि वाळूवर आपटते. माझा साधा हिशेब: दिशेत 'उत्तर' आहे आणि सेकंद दहाच्या वर आहेत, तर आजी-आजोबा आणि मूल घेऊन ट्रंक बेला पाण्यात उतरायचं नाही. हा माझा धंद्यातला ठोकताळा आहे, सरकारी नियम नव्हे.

आणखी एक युक्ती सांगते, ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांच्यासाठी (आणि न्यू जर्सीच्या मराठी घरात एक तरी तसा असतोच). सेंट जॉनच्या जवळजवळ थेट उत्तरेला, साधारण १६० सागरी मैलांवर, अमेरिकी सरकारचा लाटा मोजणारा एक तरंगता बोया आहे, क्रमांक ४१०४३. त्याचे आकडे इंटरनेटवर कुणालाही दिसतात. लाटांचा असा लोंढा किती वेगाने पुढे सरकतो ते काढायचं सोपं सूत्र आहे: सेकंदांना दीडने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. चौदा सेकंदांची लाट ताशी एकवीस सागरी मैल सरकते. १६० भागिले २१, जवळपास आठ तास. रात्री दहा वाजता बोयावर आकडा उडी मारताना दिसला, की सकाळी सहाला तोच पाहुणा ट्रंक बेच्या दारात. आम्ही होडीवाले झोपण्याआधी फोनवर हाच बोया बघतो.

भरती-ओहोटीचं विचारलंत. तो प्रश्न कोकणातल्या माणसाला पडणारच, कारण आपल्याकडे पाणी दोन-तीन मीटर वर-खाली होतं, ओहोटीला होडी चिखलात बसते. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो. तक्ता बघायची गरज नाही. किनाऱ्याची रुंदी दिवसभर जवळपास तेवढीच.

पाण्याचा थंडपणा बाबा विचारतील. डिसेंबर अखेरीस पाणी साधारण २७ अंश असतं, फेब्रुवारी-मार्चला त्याहून एखाद अंश कमी. गोव्यात पोहलेल्या माणसाला पहिल्या मिनिटाला गार वाटेल, मग नाही. पण वाऱ्यात ओल्या अंगाने बसून थंडी वाजते, म्हणून एक कोरडा टॉवेल आणि पातळ जॅकेट वेगळ्या पिशवीत ठेवा.

अंदाज बघून झाला, गाडीत बसलात, की आणखी एक पायरी आहे आणि ती फुकट आहे. क्रूझ बे गावाकडून नॉर्थ शोअर रोडने येताना ट्रंक बेच्या आधी वर वळणावर एक थांबा आहे. सगळे फोटो तिथलेच, पांढरी कमान आणि मधलं झाडीचं बेटुकलं, ट्रंक के. तिथे फोटो काढून घ्या, आणि मग फोन खिशात ठेवून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. तीन गोष्टी. वाळूच्या कडेला पाण्याचा पट्टा काचेसारखा आहे की दुधाळ? दुधाळ असेल तर लाट तळाची वाळू उचलतेय, मास्क लावून काही दिसणार नाही. बेटुकल्याच्या उत्तर टोकाशी पांढरा फेस उसळतोय का? आणि किनाऱ्यावर फुटणारी पांढरी रेघ किती वेळाने परत येते? इथे घाई करायची नाही. लांब लाटा घोळक्याने येतात. सहा-सात मोठ्या लाटा, मग आठ-दहा मिनिटं शुकशुकाट. नेमक्या त्या शुकशुकाटात पोचलेल्या माणसाला वाटतं, आज समुद्र छान आहे.

असा एक प्रसंग डोळ्यासमोर आहे. जानेवारीतली सकाळ, नऊच्या सुमारास. एक काका, पुण्याचे असावेत, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्राकडे पाठ करून उभे. समोर मुलगा फोन धरून, "बाबा, जरा मागे सरका." काका दोन पावलं मागे गेले. पाणी घोट्यापर्यंत होतं. मागून पाणी आधी ओढलं गेलं, सळसळ आवाज करत, त्यांच्या टाचांखालची वाळू निघाली, ते किंचित मागे कलले, आणि त्याच क्षणी कमरेएवढी लाट पाठीत बसली. मोठी नव्हती. पण ती त्यांना उचलून तोंडावर वाळूत घेऊन गेली आणि परतताना पुन्हा ओढून गेली. दोघांनी धरून काढलं. चष्मा गेला, खांदा निखळला. सेंट जॉनवर दवाखाना आहे, मोठं हॉस्पिटल सेंट थॉमसला, म्हणजे मध्ये फेरी. त्यांची सुट्टी तिथेच संपली.

खोल पाण्याची भीती सगळ्यांना असते, म्हणून तिथे माणूस सावध राहतो. उत्तर किनाऱ्यावर मी बघितलेल्या बहुतेक दुखापती घोट्याएवढ्या पाण्यात झाल्यात. तेव्हा आई-बाबांना एवढंच सांगा: पाण्यात असताना समुद्राकडे पाठ नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. आईंना सलवार-कुर्त्यात उतरायचं असेल तर उतरू दे, इथे कुणी बघत नाही, पण सुती सलवार भिजली की पायात बेडी होते आणि ओढणी तर मुळीच नको. नायलॉनची लेगिंग आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट उत्तम, उन्हापासूनही वाचवतो. जीवरक्षक असेलच असं धरून जाऊ नका.

मग ट्रंक बे नाही तर कुठे? तुमच्या मंडळींसाठी माझं उत्तर शांत दिवशीसुद्धा माहो बे हेच आहे. ट्रंक बेच्या पुढे त्याच रस्त्यावर. त्याचं तोंड पश्चिमेकडे आहे आणि उत्तरेच्या बाजूने मेरी पॉइंटचा डोंगर आडवा येतो, त्यामुळे ट्रंक बेला लाट फुटत असताना माहोत पुष्कळदा नुसती हेलकावणी असते. रस्ता वाळूला लागूनच जातो, चार पावलं चालली की पाणी, आणि ते पाणी बरंच लांबपर्यंत कमरेएवढं. फार मोठा लोंढा असेल तर तो डोंगराला वळसा घालून इथेही येतो, तेव्हा सरळ बेटाच्या दक्षिण बाजूला जायचं, सॉल्ट पॉन्ड बे. तिथे गाडीपासून थोडं उतरून चालावं लागतं, सावली नाही, येताना चढ. बाबांचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक.

शेवाळाचं आता. ते सारगॅसम, तपकिरी, तरंगणारं, बोरासारख्या हवेच्या फुग्यांचं. २०११पासून अटलांटिकच्या मध्य पट्ट्यात त्याची अमाप वाढ व्हायला लागली आणि ते प्रवाहाबरोबर कॅरिबियनमध्ये येतं. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहातून त्याच्यावर लक्ष ठेवतं आणि दर महिन्याला पत्रक काढतं. जोर असतो तो साधारण वसंतापासून ऑगस्टपर्यंत, आणि वारा पूर्वेचा-आग्नेयेचा असल्यामुळे ते बेटाच्या पूर्व-दक्षिण अंगाला लागतं. डिसेंबरात ट्रंक बेला त्याची काळजी करायचं कारण जवळपास नाही. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी मात्र करावी. ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, दम्याच्या माणसाने तिथे थांबू नये. २०२२च्या जुलैत शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रणेत हे शेवाळ अडकू लागलं आणि आणीबाणी जाहीर करावी लागली होती. म्हणजे बघा: हिवाळ्यात उत्तर किनारा बिघडतो, उन्हाळ्यात दक्षिण-पूर्व. इतक्या लहान बेटावर एका अंगाचं जमलं नाही तर दुसऱ्या अंगाला जाता येतं, ही सेंट जॉनची खरी श्रीमंती.

पाणी एवढं निळं का, हा प्रश्न मुलगी विचारेल. मालवणच्या समुद्रात वर्षाला तीन-तीन मीटर पाऊस नद्या-खाड्यांतून गाळ घेऊन उतरतो, भरती-ओहोटी तो ढवळत राहते, आणि त्या गढूळपणातच प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, त्यावर तारली आणि बांगडा. आपलं गढूळ पाणी म्हणजे भरलेलं ताट आहे. सेंट जॉनवर एकही बारमाही नदी नाही, पाऊस मालवणच्या निम्म्याहून कमी, त्याचे ओहळ उताराने समुद्रात येतात तेवढेच. पाण्यात अन्न कमी म्हणून ते पारदर्शक. आणि वाळू पांढरी, कारण ती बरीचशी प्रवाळाची आणि शिंपल्यांची भुकटी आहे. पॅरटफिश, आपला पोपटमासा, चोचीने प्रवाळ कुरतडतो, पोटात दळतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. पाण्याखाली कान दिलात तर कुरकुर आवाज ऐकू येतो, चुरमुरे खाल्ल्यासारखा. मुलीला हे सांगा, ती दिवसभर त्या माशाच्या मागे लागेल. जोराचा पाऊस झाला तर मात्र इथलंही पाणी एक-दोन दिवस गढूळ होतं, विशेषतः कच्च्या रस्त्यांखालच्या खाड्यांत.

ट्रंक बेची पाण्याखालची पायवाट म्हणजे बेटुकल्याच्या कडेने तळाला लावलेल्या माहितीच्या फरशा, सुमारे सव्वादोनशे यार्डांची फेरी. पहिल्यांदा मास्क लावणाऱ्यासाठी गमतीची. पण जुन्या फोटोतलं प्रवाळ शोधायला जाऊ नका. २००५ साली समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं आणि मागोमाग रोग आला, तेव्हा या बेटांवर जिथे नियमित मोजणी होते तिथलं जवळपास साठ टक्के जिवंत प्रवाळ गेलं. २०१७च्या सप्टेंबरात दोन आठवड्यांच्या अंतराने इर्मा आणि मारिया ही चक्रीवादळं आली. २०१९पासून दगडी प्रवाळाच्या ऊती झडवणारा नवा रोग इथे पोचला. २०२३ला पुन्हा तापलेलं पाणी. मी पहिल्या वर्षी ज्या मेंदूच्या आकाराच्या प्रवाळावरून लोकांना वळायला सांगायचे, ते आज करड्या धोंड्यासारखं आहे, वर हिरवट लव. मासे आहेत, रंग आहेत, जांभळे समुद्री पंखे डोलतात. बघण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त त्यातलं किती उरलंय हे माहीत असून बघा.

म्हणूनच नियम कडक आहेत, आणि ते पाळायला अवघड नाहीत. हे उद्यान १९५६ सालचं, लॉरन्स रॉकफेलर यांनी दिलेल्या पाच हजार एकरांवर उभं राहिलेलं, १९६२ला भोवतालचं पाणी आणि प्रवाळही त्यात आलं. आज बेटाचा निम्म्याहून जास्त भाग उद्यानात आहे. वाळू, शिंपला, प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलून न्यायचा नाही. प्रवाळावर उभं राहायचं नाही. ड्रोन बंद. प्राण्यांना खायला घालायचं नाही, रस्त्यावरच्या गाढवांनाही. सनस्क्रीनचं नीट बघा: व्हर्जिन आयलंड्समध्ये ३० मार्च २०२०पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलिन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन विकायला, आणायला आणि वापरायला बंदी आहे. न्यू जर्सीच्या दुकानातल्या बऱ्याच बाटल्यांत यातलं काहीतरी असतं. मागचं लेबल वाचून झिंक ऑक्साइडवालं घ्या. चेहरा पिठूळ दिसतो, फोटोत थोडे भुतासारखे याल.

ट्रंक बेला प्रवेश शुल्क आहे, मोठ्यांना माणशी पाच डॉलर, लहानांना नाही. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. माहोला शुल्क नाही. ट्रंक बेला स्वच्छतागृह, अंघोळीचं पाणी, खाण्याची टपरी आणि भाड्याने मास्क आहेत, म्हणून वयस्करांना घेऊन तिथे जाणं सोयीचंही आहे. मात्र आठ-साडेआठपर्यंत पोचा. सेंट थॉमसला क्रूझ जहाजं लागली की दहानंतर उघड्या टपाच्या सफारी टॅक्स्या भरभरून येतात आणि दोन-अडीचपर्यंत वाळूवर टॉवेल टाकायला जागा शोधावी लागते. बंदरात कुठल्या दिवशी किती जहाजं आहेत त्याचं वेळापत्रक आधी मिळतं. जहाज नसलेला दिवस ट्रंक बेला द्या.

कासवं. ट्रंक या नावातच कासव आहे असं इथे सांगतात, चामडी पाठीच्या महाकाय कासवाला पूर्वी 'ट्रंकबॅक' म्हणत. ते तुम्हाला दिसणार नाही. दिसेल ते हिरवं कासव, आणि तेही माहोत, कारण त्याचं कुरण तिथे आहे: तळाला समुद्री गवत, आणि कासव गायीसारखं मान खाली घालून चरत असतं. सकाळी सातला या, वारा पडलेला असतो, गर्दी नसते. ते दर काही मिनिटांनी श्वासाला वर येतं. तुम्ही त्याच्या वर तरंगत राहिलात तर त्याचा वर यायचा रस्ता अडतो, आणि ते निघून जातं. बाजूला राहा, दोन-तीन माणसं आडवी मावतील एवढं अंतर ठेवा, हात-पाय हलवू नका. पाठलाग केला तर पाच सेकंद बघाल, शांत राहिलात तर पंधरा मिनिटं. हात लावणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. हमी मी कुणाला देत नाही, पण माहोच्या शांत सकाळी रिकाम्या हाताने परतलेले लोक मी फार थोडे बघितलेत.

कासवांच्या अंड्यांचा इथला एक शत्रू तुमच्या ओळखीचा निघेल. झाडीतून सुर्रकन पळणारं मुंगूस दिसलं की आई म्हणतील, अगं, हे इथे कुठून? उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला १८७२ला कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकाला आणली, आणि कॅरिबियनमधली बहुतेक त्यांचीच प्रजा. उंदीर रात्री बाहेर पडतो, मुंगूस दिवसा शिकार करतं. उंदीर राहिले ते राहिलेच, कासवांची आणि पक्ष्यांची अंडी गेली.

वाळूवर जपायचं ते एक झाड. मॅन्चिनील. गुळगुळीत पानं, आणि खाली पडलेली हिरवट-पिवळी, लहान सफरचंदासारखी फळं. आपल्या लोकांना पडलेलं फळ उचलून वास घ्यायची सवय असते, मला अजून आहे. याच्या चिकाने कातडीवर फोड येतात, फळ चाखलं तर तोंड-घसा भाजतो, आणि पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणारं पाणीही पोळतं. पुष्कळ झाडांवर खूण किंवा पाटी असते, सगळ्यांवर नसते. सावलीला बसण्याआधी वर बघा. संध्याकाळी वारा पडला की मुरकुटं चावतात, पाच वाजले की आवरायला घ्या. पाण्यात काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळू खडकांच्या फटीत असतात, आणि मोहरीच्या रंगाचं, टोकं पांढुरकी असलेलं फायर कोरल दिसलं तर लांबून जा, खाजकुइली लागल्यासारखी आग होते.

पोचायचं कसं ते पटकन. विमान सेंट थॉमसपर्यंत, तिथल्या रेड हुक धक्क्यावरून फेरी, वीस मिनिटांत क्रूझ बे. घड्याळ हिवाळ्यात न्यू जर्सीच्या एक तास पुढे. गाडी घेतलीत तर रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायची, भारतासारखी, पण स्टिअरिंगही डावीकडेच, त्यामुळे पहिला तास बाबांना मागे बसवा, ते सूचना देतील. टॅक्सीवाल्याला, दुकानदाराला, कुणालाही काही विचारण्याआधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. इथे थेट प्रश्नाने सुरुवात करणं उद्धटपणा समजतात, आणि भाव विचारण्याआधी नमस्कार करणाऱ्या पाहुण्याशी सगळे वेगळं वागतात.

कागदपत्रं: ही अमेरिकेचीच बेटं आहेत, १९१७ला डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला घेतलेली. तरी परतताना सेंट थॉमसच्या विमानतळावर कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी होते, म्हणून सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं जवळ हवीत, फोनमधला फोटो नको. समोर हाताच्या अंतरावर दिसणारी टोर्टोला आणि इतर बेटं ब्रिटिश आहेत. 'चला अर्धा दिवस तिकडे' म्हणून होडीत बसणं म्हणजे अमेरिका सोडून पुन्हा प्रवेश करणं. ज्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय त्यांनी तो मोह टाळावा. माहोच्या पुढे फोनसुद्धा स्वतःहून ब्रिटिश टॉवर पकडतो आणि महिनाअखेरीस रोमिंगचं बिल येतं. तिकडे जाताना फोन एअरप्लेन मोडवर टाका.

आणि आई-बाबांना मास्क लावायचाच, पोहता येत नसलं तरी. माहोत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, तुमच्या हाताला धरून, नुसतं तोंड पाण्यात बुडवायचं. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि पहिल्या खेपेला श्वासाची नळी नको, फक्त मास्क आणि धरलेला श्वास. पट्टा घट्ट आवळू नका, त्याने उलट पाणी शिरतं. बाबांना मिशी असेल तर नाकाखालून पाणी येणारच, आणि ते म्हणणार मास्क खराब आहे. मास्क चांगला असतो. मिशीवर थोडं सिलिकॉन ग्रीस चोळलं की निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी मी आजवर चार-पाच काकांना सुचवलंय की वरच्या ओठाजवळची बोटभर पट्टी तेवढी कातरा. तीन तयार झाले.